आधी त्याची इच्छा तर हवी ना!

घरात कोणी पिणारं असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. "त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय काही होत नाही बघ." नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा म्हणतात, आणि सगळ्यात जास्त घरातली माणसंच म्हणतात, कारण एकदा हे म्हटलं की आपल्याला काही करायचं उरत नाही. वाट बघायची. कधीतरी त्याला जोरदार ठेच लागेल, नोकरी जाईल, लिव्हर बोंबलायला लागेल, मग तो स्वतःहून म्हणेल मला सोडायचीय, आणि तेव्हा आपण धावत जायचं. व्यसनाबद्दल जेवढे गैरसमज फिरतात त्यातला हा मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो, कारण ऐकायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो. आणि ठेच लागायची वाट बघता बघता माणूस जातो. जातो म्हणजे खरंच जातो.

माझ्या चुलत भावाचं, दादाचं, पिणं मी जवळून पाहिलंय. त्याला विचारूनच लिहितेय. त्याने एकच अट घातली, "मला बिचारा करू नकोस आणि हिरो पण करू नकोस." ठीक आहे. तो मधेमधे येईल, विषय त्याच्यापेक्षा मोठा आहे.

तर इच्छा. डॉक्टर लोक मानसिक आजारांच्या निदानासाठी जे मॅन्युअल वापरतात, डीएसएम, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. त्यात 'व्यसनी आहे की नाही' असा हो-नाहीचा प्रश्न ठेवलेलाच नाही. ११ लक्षणं दिलीत. ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते, मिळवण्यात-घेण्यात-उतरण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, तलफ येते, कामाची-घराची जबाबदारी पार पडत नाही, भांडणं होऊनही चालूच राहते, आवडीच्या गोष्टी सुटत जातात, गाडी चालवताना वगैरे धोक्याच्या वेळीही घेतली जाते, तब्येत बिघडतेय हे कळूनही थांबत नाही, पूर्वीच्या मापात भागत नाही, बंद केली की त्रास होतो. १२ महिन्यांत यातली २-३ दिसली तर सौम्य, ४-५ असली तर मध्यम, ६ किंवा त्यापुढे तीव्र. दारू असो, ब्राउन शुगर असो, गांजा असो, झोपेच्या गोळ्या असोत, मोजपट्टी साधारण हीच.

मोजून बघितलंत तर वर १० च आहेत. अकरावं मुद्दाम मागे ठेवलं. ते असं, की कमी करायची किंवा सोडायची इच्छा सतत असते पण ती पार पडत नाही. वाचलंत ना? सोडायची इच्छा असणं आणि न जमणं हे आजाराच्या लक्षणांमध्येच धरलंय! ज्या इच्छेची आपण वर्षानुवर्षं वाट बघत बसतो ती बऱ्याच जणांच्या आत आधीपासून असते, फक्त टिकत नाही. दादा सकाळी शपथ घ्यायचा आणि संध्याकाळी प्यायचा, आणि वहिनीच्या लेखी सकाळचा दादा खोटारडा होता. पण सकाळचा दादा खरंच बोलत होता. संध्याकाळच्याही मनात सोडायचंच असायचं, पण तोपर्यंत अंगातली उतरलेली असायची, हात कापायला लागलेले असायचे, आणि तेव्हा इच्छेचं कोण ऐकणार.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कधीच पटत नाही, ती म्हणजे त्याला मजा येत नसते. "एवढं सगळं घालवून मजा मारतो" असं आपण म्हणतो. सुरुवातीला येते मजा, नाही कशाला म्हणू. पण केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोन संशोधकांनी १९९३ साली एक मांडणी केली, मेंदूत आवडण्याची यंत्रणा वेगळी आणि हवंसं वाटण्याची वेगळी. व्यसनात दुसरी यंत्रणा दिवसेंदिवस तिखट होत जाते आणि पहिली तेवढीच राहते, किंवा बोथट होते. म्हणजे माणूस एखादी गोष्ट अजिबात न आवडताही प्रचंड जोरात मागू शकतो. त्याच सुमाराला वोल्फ्राम शुल्त्स माकडांवर प्रयोग करत होते, त्यात दिसलं की माकडाला ज्यूस कधी मिळणार याचा सिग्नल एकदा कळला की मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हवंसं वाटण्याशी जोडलेल्या रसायनाच्या, पेशी ज्यूस मिळताना नव्हे, सिग्नल दिसतानाच पेटतात. दारू पोटात जायच्या आधी, ऑफिस सुटायची वेळ, ठरलेला मित्र, ठरलेला कोपरा, यांनीच काम सुरू झालेलं असतं. म्हणूनच तर महिनोन्‌महिने नीट असलेला माणूस एका फोनवर घसरतो आणि घरचे म्हणतात काही कारण नसताना प्यायला.

मग अशा माणसाशी बोलायचं कसं? आपल्याला एकच पद्धत येते, ती म्हणजे खडसावणं. आरसा दाखवतो, मुलांच्या शपथा घालतो, सगळ्यांना बोलावून बैठक बसवतो. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास छापला, त्यात थेरपिस्ट पिणाऱ्याशी जेवढं भिडून, चूक दाखवून बोलला तेवढी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त निघाली. थेरपिस्टची ही गत, मग आपलं रात्री साडेदहाचं भांडण काय उपयोगाचं. याच मिलरनी १९८३ पासून एक वेगळी बोलायची पद्धत बांधत नेली, तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. त्यात समोरच्याला पटवायचं नसतंच. त्याच्या मनात 'सोडावी' आणि 'नको सोडायला' हे दोन्ही एकाच वेळी आहेत हे गृहीत धरून, 'सोडावी'वाला त्याच्याच तोंडून बोलता करायचा. आपण 'सोड' म्हटलं की त्याला आपसूक उरलेली बाजू घ्यावी लागते, वकिलासारखी. तुम्हीच आठवून बघा कधी दारूबद्दल भांडण झालं आणि त्याने दारूची बाजू नाही घेतली.

आता मुद्द्याचं. तो यायला तयार नाही, मग कोण जाणार? वहिनी गेली. मी सोबत गेले, कारण एकटीने जायला तिला लाज वाटत होती, पितो तो आणि काउन्सेलिंग माझं, हे काय म्हणे. काउन्सेलर मॅडमनी आम्हाला दादाचा स्वभाव, बालपण, काहीही विचारलं नाही. एक वही पुढे केली आणि म्हणाल्या, मागच्या आठवड्यातल्या संध्याकाळी सांगा.

"रोजच पितो," वहिनी.

"सोमवारी किती वाजता बसले?"

"सातला बसतो. रोज."

"मंगळवारी?"

वहिनी थांबली. मंगळवारी पुतणी गणित घेऊन येते. ती दहावीला आहे, दादाचं गणित फार चांगलं, तिला शिकवायला बसला की नऊ-साडेनऊ होतात आणि मग तो बसतोच असं नाही, बसला तरी कमी. गुरुवारीही तसंच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं, कारण 'रोजच पितो' म्हटलं की मग बघायचं काय राहतं. मॅडमनी मंगळवारभोवती गोल केला. पुढचे कितीतरी आठवडे त्या वहीत हेच चाललं, पिण्याआधी काय होतं, कोण असतं, काय बोलणं होतं, आणि न पिता गेलेल्या संध्याकाळी वहिनी काय करते. ती काय करायची? गप्प बसायची, कारण कोरड्या संध्याकाळीच तिला साठलेलं सगळं बोलायची संधी मिळायची, मग ते तरी नको म्हणून गप्प. म्हणजे प्यायला की आरडाओरडा आणि नाही प्यायला की शांतता, दोन्हीकडे त्याला शिक्षाच.

या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली. घरच्यांना शिकवतात की न पिता असतो तेव्हा त्याच्यासोबत असा, प्यायला की भांडण न करता बाजूला व्हा, त्याच्या पिण्याचे परिणाम तुम्ही निस्तरू नका (ऑफिसला 'ताप आलाय'चा फोन तुम्ही करायचा नाही, उलटी तुम्ही पुसायची नाही), मारहाण होत असेल तर आधी स्वतःच्या सुरक्षिततेचा प्लॅन करा, आणि उपचाराची गोष्ट कधी काढायची तो क्षण ओळखायला शिका. १९९९ साली मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी अशा १३० घरच्यांचा अभ्यास छापला, पिणारे सगळे उपचाराला साफ नकार देणारे. क्राफ्ट शिकलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचारापर्यंत पोचला. सगळ्यांनी मिळून एकदम घेरायची पद्धत वापरली तिथे ३० टक्के, आणि अल-अॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटांच्या, वाटेने गेलेल्यांमध्ये १३ टक्के. अर्थात अल-अॅनॉन त्यासाठी नाहीच, १९५१ पासून ती घरच्यांनी स्वतःला सावरण्यासाठीची जागा आहे आणि ते काम तिथे होतं, त्या अभ्यासात तिन्ही गटांतल्या घरच्यांची मनःस्थिती सारखीच सुधारली होती. पण ६४ टक्के! ज्यांची 'इच्छाच नव्हती' त्यातले! हे मला कळलं तेव्हा मी चिडले होते खरं सांगायचं तर, एवढी वर्षं सगळे जण आम्हाला वाट बघा म्हणून सांगत होते.

क्षण कसा असतो? दादाच्या बाबतीत तो एक कंटाळवाणा रविवार सकाळ होता, काही घडलं नव्हतं, तो फक्त म्हणाला, "हात बघ कसे थरथरतायत, सही करता येत नाहीये." पूर्वी वहिनी म्हणाली असती, "मग कोण सांगतं प्यायला?" त्या दिवशी ती म्हणाली, "त्यावर औषध असतं. उद्या सकाळी दहाला डॉक्टर बघतील, मी येते." अपॉइंटमेंटची सोय तिने आधीच करून ठेवली होती. हे फार महत्त्वाचं. इच्छा आली तेव्हा फोन नंबर शोधत बसलात, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली, तर गेली ती.

इथे एक धोक्याची गोष्ट, आणि ही मोठ्याने सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करू नये. दारू मेंदूचा वेग कमी करते, आणि रोज ब्रेक दाबलेली गाडी चालवायची म्हणून मेंदू अॅक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो, मग ब्रेक अचानक सुटला की काय होईल ते बघा. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, भास, ताप, आपण कुठे आहोत तेच न कळणं, आणि उपचार नसतील तर त्यात मृत्यू येऊ शकतो. झोपेच्या, काळजीच्या काही गोळ्या, बेन्झोडायझेपिन्स म्हणतात त्या, अचानक थांबवण्यातही असाच धोका असतो. म्हणून डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं, डॉक्टरांच्या नजरेखाली, कमी कमी करत नेलेल्या औषधांवर, आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व, कारण ते फार कमी झालेलं असेल तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दादा अॅडमिट होता तरी तिसऱ्या रात्री त्याला भास झालेच. चादरीवरून एकेक नसलेला धागा चिमटीत धरून उचलायचा आणि माझ्या हातात द्यायचा, "धर नीट, खाली पडेल." मी म्हणत होते दादा काही नाहीये तिथे. सिस्टर आल्या, सलाईन बघितली, डॉक्टरांना बोलावणं पाठवलं आणि मला म्हणाल्या, "वाद घालू नका, देतायत तर घ्या." मी घेत राहिले. त्याला यातलं काहीही आठवत नाही आणि हा प्रसंग लिहायची परवानगी त्याने सगळ्यात पटकन दिली.

ब्राउन शुगर किंवा कुठल्याही ओपिऑइडची, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेची, टर्की (बंद केल्यावर होणारा त्रास) वेगळी. अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, झोप नाही, माणूस गडाबडा लोळतो, पण सहसा त्या टर्कीने जीव जात नाही. जीव जातो तो नंतर. डिटॉक्समध्ये शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, बाहेर आल्यावर तो जुन्या मापाने घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून ओपिऑइडसाठी नुसतं 'साफ करून' घरी पाठवणं पुरेसं नाही, बऱ्याचदा ते धोक्याचंच. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं लांब पल्ल्याने देतात. मेथाडोनचा हा वापर १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी सुरू केला, आणि २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं लोक म्हणतात. म्हणू देत. औषधावर असताना मरण्याचा धोका निम्म्याच्या आसपास येतो. आणि ओव्हरडोस झालाच तर नॅलोक्सोन नावाचं औषध, इंजेक्शन किंवा नाकात मारायचा स्प्रे, श्वास परत आणू शकतं, मिळत असेल तिथे घरात ठेवावं आणि दिल्यावरही अॅम्ब्युलन्स बोलवावीच, कारण त्याचा असर लवकर उतरतो.

दारूसाठीच्या गोळ्यांबद्दल तर बहुतेकांना एकच गोळी माहीत असते, 'घेतल्यावर दारू प्यायली की उलट्या होतात' ती. डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात याकोबसेन आणि हाल्ड हे दोघं जंतांवर औषध शोधत होते, स्वतःवर प्रयोग म्हणून गोळ्या घेतल्या, आणि नंतर दारू घेतल्यावर तब्येत बिघडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ही गोळी माणसाला न सांगता जेवणात मिसळायचा सल्ला देणारे महाभाग सगळीकडे भेटतात. प्लीज नका करू. त्या गोळीवर दारू पडली की चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, बीपी खाली जाणं, कधी हृदयावर बेतणं, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. ज्याला हे माहीतच नाही तो सावध राहणार कसा? आणि कळल्यावर परत तुमच्या हातचं पाणी तरी पिईल का.

उलट नॅलट्रेक्सोन. ही गोळी दारूतून मिळणारं बक्षीस कमी करते, प्यायल्यावर माणूस आजारी पडत नाही, फक्त पहिल्या पेगनंतर दुसऱ्याची ओढ तेवढी राहत नाही. लिव्हर वगैरे तपासून डॉक्टर ती पीत असलेल्या माणसालाही सुरू करू शकतात (ओपिऑइड घेणाऱ्याला मात्र नाही, त्याला लगेच टर्की बसते). म्हणजे 'मी सोडणार नाही, पण कमी करायला हरकत नाही' एवढ्याच इच्छेवर सुद्धा उपचार सुरू होतो! मग कशाला पाहिजे पूर्ण इच्छा पहिल्या दिवशी.

सक्तीने उचलून नेणाऱ्या सेंटरबद्दल मात्र मी सावध आहे. इच्छा नसताना मदत सुरू करता येते याचा अर्थ माणसाला बांधून न्या असा होत नाही. सेंटर बघायला गेलात तर विचारा की डॉक्टर रोज असतात का आणि रात्री फिट आली तर काय करता, औषधं कुठली देता, आम्हाला भेटता-बोलता येईल का, डिप्रेशनसारखं काही सोबत असेल तर ते कोण बघतं, बाहेर आल्यावर किती दिवस पाठपुरावा करता. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणाले, किंवा मार दिल्याशिवाय सुधारत नाहीत म्हणाले, तर चप्पल घालायची आणि निघायचं.

कारण गॅरंटी नसतेच. उपचारानंतर परत पिणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगतात, आणि २००० साली एका मेडिकल जर्नलमधल्या लेखात हे बीपी आणि दम्याशी ताडून बघितलं होतं, तिथे तो त्रास परत उफाळायचं प्रमाण ५० ते ७० टक्के होतं. बीपी परत वाढलं तर डॉक्टर गोळी बदलतात, इच्छाशक्ती काढत नाहीत. दादाही घसरला, एका लग्नानंतर. फरक एवढाच की त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, आठवडा लपवला नाही. 'आता प्यायलोच आहे तर संपलं सगळं' हा विचार त्या एका ग्लासपेक्षा जास्त नुकसान करतो हे त्याला ग्रुपमध्ये सांगून ठेवलेलं होतं.

ग्रुप म्हणजे एए, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेला गट. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल नावाचा एक शेअर ब्रोकर, जेमतेम काही महिने कोरडा राहिलेला, पुन्हा पिऊ की काय या भीतीने बोलायला दुसरा दारुडा शोधत बॉब नावाच्या सर्जनकडे गेला, तिथून सुरुवात. मला त्यातली अध्यात्मिक भाषा फारशी झेपत नाही. पण कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या रिव्ह्यूने सगळे चांगले अभ्यास तपासून सांगितलं की पूर्णपणे कोरडं राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे नीट आखलेले प्रोग्रॅम इतर थेरपींपेक्षा सरस ठरतात, तेव्हा माझ्या झेपण्या-न झेपण्याला काय किंमत.

दादाचं म्हणणं तेच, मला मीटिंगने वाचवलं. माझं मत, गोळीने त्याला मीटिंगमध्ये बसण्याइतकं शांत केलं. हा लेख त्याला आधी वाचायला पाठवला होता. परत आला तेव्हा नॅलट्रेक्सोनच्या पॅराखाली त्याची कमेंट होती, "गोळीला एवढं क्रेडिट?" आणि त्याखाली वहिनीची, "आणि वही मी भरली, त्याचं काय?"